प्रोसेसर नसताना मदरबोर्ड शिकतो कसा?

बालमित्रांनो, आधी एक कोडं घालतो. पेटीची किल्ली पेटीतच राहिली आणि वरून कुलूप बसलं. आता पेटी उघडायची कशी?

तुम्ही म्हणाल, "हे कसलं कोडं! कुलूप तोडायचं." बरोबर आहे. पण पेटी नवी कोरी असेल, महागाची असेल आणि तोडली तर परत जोडता येत नसेल, तर? अशी एक पेटी खरोखरची आहे. तिचं नाव मदरबोर्ड.

समजा, तुम्ही सटाण्याला राहता. ताईला बारावीनंतर शिकायला कॉम्प्युटर हवा आहे. यंदा डाळिंबाचे पैसे बरे आले, म्हणून बाबा तयार झाले. नाशिकला जाऊन सुटे भाग आणले, म्हणजे चार पैसे वाचतील. मदरबोर्ड दुकानात वर्षभर पडून होता, म्हणून थोडा स्वस्त मिळाला. प्रोसेसर मात्र अगदी नवा, नुकताच बाजारात आलेला. घरी येऊन सगळं जोडलं, बटण दाबलं. पंखा फिरला, दिवे लागले, आणि पडदा काळाच्या काळा! पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. शेजारचे काका येऊन बघतात आणि मान हलवतात, "बोर्ड डेड दिसतोय."

दुकान नव्वदेक किलोमीटरवर. हजारो रुपये गुंतलेले. ताईचं तोंड एवढंसं झालेलं.

पण थांबा. पंखा फिरतो आणि पडदा काळा राहतो, याची कारणं बरीच असू शकतात. त्यातलं एक असं आहे की बोर्ड बिघडलेलाच नसतो, प्रोसेसरही ठणठणीत असतो. फक्त दोघांची ओळख झालेली नसते. आणि ही ओळख करून द्यायची एक भलतीच गमतीदार युक्ती आहे : प्रोसेसर काढून ठेवायचा आणि एकट्या मदरबोर्डला नवा धडा शिकवायचा!

कचेरीतलं दप्तर

हे समजायला आपण सटाण्याच्याच मामलेदार कचेरीत जाऊ या. सटाणा हे बागलाण तालुक्याचं ठाणं आणि देवमामलेदारांचं गाव. १८७०-७१ च्या दुष्काळात मामलेदार यशवंतराव महाराजांनी सरकारी खजिना भुकेल्या लोकांसाठी मोकळा केला, ही हकिकत इथल्या मुलांना सांगायला नको. खजिन्याची किल्ली कुणाच्या हाती असते, याला किती महत्त्व आहे ते सटाणेकरांइतकं कुणाला ठाऊक असणार?

आता आपल्या मनातली एक कचेरी उभी करा. ही कचेरी म्हणजे मदरबोर्ड. मामलेदार म्हणजे प्रोसेसर. सगळा विचार, सगळे हिशेब तोच करतो. रखवालदार, कारकून, कपाटं, खिडक्या म्हणजे बोर्डावरचे बाकीचे भाग.

रोज सकाळी कचेरी उघडायची कशी, हे एका दप्तरात लिहिलेलं आहे. (दप्तर म्हणजे तुमचं शाळेचं नव्हे हं, कचेरीचं!) कुठलं कपाट आधी उघडायचं, कुठल्या कारकुनाला हाक मारायची, सगळं ठीक आहे ना ते कसं तपासायचं, हे त्यात क्रमानं दिलेलं असतं. शिवाय प्रत्येक मामलेदारासाठी एकेक पान असतं : हे साहेब आले तर त्यांची बैठक अशी मांडा, त्यांना उजेड एवढा लागतो, त्यांच्याशी या पद्धतीनं बोला.

एके दिवशी बदली होऊन अगदी नवे मामलेदार येतात. दप्तरात त्यांचं पानच नाही! बैठक कशी मांडायची ते कुणालाच ठाऊक नाही. कचेरी उघडत नाही.

"मग नवं पान लिहून टाका की!" असं तुम्ही म्हणाल. पण दप्तरात लिहिण्याचा अधिकार फक्त मामलेदाराला. आणि मामलेदार तर बाहेर उभे! किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप, ते असं.

डाळिंबाच्या दाण्याएवढी चिप

हे दप्तर मदरबोर्डावर कुठं असतं? आठ पायांची एक काळी चिप असते, डाळिंबाच्या दाण्याहून जराशी मोठी. तिच्यात साठवलेल्या सूचनांना 'बायोस' म्हणतात. आजकालच्या बोर्डांवर तिची सुधारलेली आवृत्ती असते, तिला 'यूईएफआय' म्हणतात. पण दुकानात आणि घरात तोंडी नाव बायोसच. अशा कायमच्या, यंत्रात मुरलेल्या सूचनांना 'फर्मवेअर' असं सर्वसाधारण नाव आहे. टीव्ही, मोबाइल, वॉशिंग मशीन, सगळ्यांत ते असतं.

बटण दाबल्यावर प्रोसेसर जागा होतो तेव्हा त्याला काहीच आठवत नसतं. विंडोज म्हणजे काय, हार्ड डिस्क कुठं आहे, काही नाही. तो पहिली सूचना वाचतो ती या चिपमधून. मग एकेक भाग जागा करतो, मेमरी तपासतो, पडद्यावर चित्र आणतो आणि शेवटी विंडोजच्या हाती कारभार सोपवतो. चिपमधल्या सूचनांत त्या प्रोसेसरला जागं करण्याची माहितीच नसली, तर गाडी पहिल्याच पायरीवर अडते.

पुसता येणारी पाटी

१९८१ साली आयबीएम कंपनीचा 'पीसी' आला, तेव्हा हा प्रश्न नव्हता. बायोस चिपमध्ये कारखान्यातच कोरलेलं असे. दगडावरचा शिलालेख! बदलायचं तर चिपच बदला.

त्याआधी, १९७१ मध्ये, इंटेल कंपनीतल्या डोव्ह फ्रोमन यांनी पुसता येणारी चिप शोधली होती. तिच्या पाठीवर काचेसारखी छोटी खिडकी असे. त्या खिडकीतून अतिनील किरण सोडले की आतला मजकूर पुसला जाई. मग पुन्हा लिहायचं. पण चिप बोर्डावरून काढा, दिव्याखाली ठेवा, पुन्हा लिहा, पुन्हा बसवा, असा सगळा खटाटोप.

पुढं जपानमधल्या तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी विजेनंच, एका दमात मोठा भाग पुसला जाईल अशी चिप तयार केली आणि १९८४ मध्ये ती जगापुढं मांडली. त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना हे एका क्षणात पुसलं जाणं कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं वाटलं. म्हणून नाव पडलं 'फ्लॅश मेमरी'. तुमच्या पेन ड्राइव्हमध्ये आणि मोबाइलमध्ये तीच असते. मोबाइल दुरुस्त करणारे दादा "फ्लॅश मारून देतो" म्हणतात ना, त्यातला फ्लॅश इथून आला!

सोय झाली, धोकाही आला

आता बायोस घरबसल्या बदलता येऊ लागलं. पण पाटी पुसता येते म्हटल्यावर ती भलत्यानंही पुसण्याची भीती आलीच. १९९८ साली तैवानमधल्या चेन इंग-हाऊ नावाच्या विद्यार्थ्यानं 'सीआयएच' हा व्हायरस लिहिला. २६ एप्रिल १९९९ रोजी त्यानं जगभर दणका दिला. हार्ड डिस्कवरची माहिती तर त्यानं खराब केलीच, पण काही बोर्डांवरचं बायोसही पुसून टाकलं. चेर्नोबिलचा अणुभट्टीचा अपघातही १९८६ मध्ये २६ एप्रिललाच झाला होता, म्हणून लोकांनी या व्हायरसला 'चेर्नोबिल' असंही नाव दिलं. दक्षिण कोरियात तर फार मोठं नुकसान झालं.

बायोस पुसलेला बोर्ड म्हणजे दप्तर जळालेली कचेरी. मामलेदार जुना असो की नवा, पहिली सूचना वाचायलाच काही नाही.

तेव्हा काही धाडसी कारागीर एक उपाय करत. त्या काळी पुष्कळ बोर्डांवर बायोसची चिप खाचेत बसवलेली असे, उपटून काढता येई. मग तसाच दुसरा चांगला कॉम्प्युटर सुरू करायचा, तो चालू असतानाच त्यातली चांगली चिप हळूच काढायची, तिथं कोरी चिप बसवायची आणि तिच्यावर नव्यानं लिहायचं! चालत्या बैलगाडीचं चाक बदलण्यातलाच हा प्रकार. हात जरा हलला की दोन्ही बोर्ड गेले.

उसना मामलेदार

ओळख नसलेल्या प्रोसेसरचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो २०१८ मध्ये. एएमडी या कंपनीनं 'एएम४' नावाचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची खाच, आणलं होतं. तिला १३३१ बारीक छिद्रं. २०१७ मध्ये त्यात बसणारे 'रायझन' प्रोसेसर आले. कंपनीनं ठरवलं की हेच सॉकेट पुढं बरीच वर्षं चालवायचं, म्हणजे लोकांना दर वेळी नवा बोर्ड घ्यायला नको. किती चांगला विचार!

पण १२ फेब्रुवारी २०१८ रोजी याच सॉकेटचे दोन नवे प्रोसेसर बाजारात आले, आणि दुकानांत आधीपासून पडून असलेल्या बोर्डांच्या दप्तरात त्यांचं पान नव्हतं. छिद्रांत पाय अगदी नीट बसत, पण पडदा काळाच. आपल्या गोष्टीतल्या ताईसारखी पुष्कळांची गत झाली.

मग एएमडीनं काय करावं? अडलेल्या ग्राहकाला एक साधा, जुना प्रोसेसर काही दिवसांसाठी उसना पाठवायचा! तो बसवून कॉम्प्युटर सुरू करा, बायोस नवं करा, मग तुमचा नवा प्रोसेसर बसवा आणि उसना परत पाठवा. म्हणजे बदलून गेलेल्या जुन्या मामलेदारांना तासाभरासाठी बोलावून घ्यायचं आणि नव्यांचं पान त्यांच्याकडून लिहून घ्यायचं.

दप्तराची आणखी एक अडचण होती. पुष्कळ बोर्डांवरची चिप १६ मेगाबाइटची. दर वर्षी नवे प्रोसेसर, दर वर्षी नवी पानं. दप्तर भरून वाहायला लागलं! २०१९ मध्ये काही कंपन्यांनी अगदी जुन्या प्रोसेसरची पानं फाडून जागा केली, बायोसमधली रंगीत सजावट कमी केली, आणि नव्या बोर्डांवर ३२ मेगाबाइटच्या चिप बसवल्या.

रखवालदाराची एकच किल्ली

उसना मामलेदार प्रत्येकाला कुठून मिळणार? आणि चिपला चिमटा लावून बाहेरून मजकूर भरायचं यंत्र असतं खरं, ते दुरुस्तीवाल्यांकडे मिळतं, पण ते काम सरावाच्या हातांचं.

तिसरा मार्ग मात्र सुरेख आहे. एसुस कंपनीनं तो २०११ च्या सुमारास आपल्या महागड्या बोर्डांवर आणला आणि त्याला 'यूएसबी बायोस फ्लॅशबॅक' असं नाव दिलं. पुढं बाकीच्यांनीही तशीच सोय केली. एमएसआयच्या बोर्डावर 'फ्लॅश बायोस' असं बटण असतं. गिगाबाइटवाले तिला 'क्यू-फ्लॅश प्लस' म्हणतात.

कल्पना साधी आहे. कचेरीच्या दारात एक रखवालदार ठेवायचा. त्याला कचेरी चालवता येत नाही, हिशेब येत नाहीत, मामलेदारांशी त्याची ओळखही नाही. त्याच्याकडे एकच किल्ली आणि एकच काम : बाहेरून नवं दप्तर आलं की जुनं काढायचं आणि नवं ठेवायचं.

बोर्डावरचा हा रखवालदार म्हणजे एक छोटासा कंट्रोलर. त्याला जागं राहायला मोठी वीज लागत नाही. एसएमपीएसची मागची कळ चालू केली की कॉम्प्युटर बंद असतानाही ५ व्होल्टचा एक बारीक पुरवठा बोर्डाला सतत मिळत असतो. हा कंट्रोलर पेन ड्राइव्ह वाचतो, त्यातली ठरलेल्या नावाची फाइल शोधतो आणि ती बायोसच्या चिपमध्ये उतरवतो. बस्स! प्रोसेसर नको, मेमरी नको, पडदाही नको.

पडदा नाही, मग तो आपल्याशी बोलतो कसा? एका दिव्यानं. दिवा लुकलुकतोय, म्हणजे काम चालू आहे. काम संपल्याची आणि चुकल्याची खूण बोर्डाबोर्डावर वेगळी असते, ती माहितीपुस्तिकेत दिलेली असते.

याचा आणखी एक मोठा फायदा. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. नेहमीच्या पद्धतीनं, म्हणजे प्रोसेसरकडून, बायोस बदलताना मध्येच लाइट गेली, तर अर्धं दप्तर जुनं, अर्धं नवं अशी अवस्था होते आणि बोर्ड सुरूच होत नाही. रखवालदार मात्र त्या दप्तरावर अवलंबून नसतो. दप्तर अर्धवट राहिलं तरी तो शाबूत असतो, म्हणून बहुतेक वेळा तेच काम पहिल्यापासून करता येतं.

कृती अशी

हे काम घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवूनच करायचं.

१. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर जा. बोर्डाचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. एका अक्षराचा फरक म्हणजे दुसरा बोर्ड! भलत्याच ठिकाणची फाइल घेऊ नका, सीआयएच आठवा.

२. पेन ड्राइव्ह 'फॅट३२' पद्धतीनं फॉरमॅट करा. ३२ जीबी किंवा त्याहून लहान पेन ड्राइव्ह सोयीचा पडतो. फाइल झिपमधून बाहेर काढून त्यात ठेवा.

३. फाइलला पुस्तिकेत सांगितलेलं नाव द्या. एमएसआयच्या बोर्डावर 'एमएसआय डॉट रॉम', गिगाबाइटच्या बोर्डावर 'गिगाबाइट डॉट बिन'. एसुसमध्ये बोर्डागणिक नाव वेगळं. रखवालदाराला एकच नाव वाचता येतं, दुसरं कितीही छान असलं तरी तो ढुंकून बघत नाही.

४. एसएमपीएसच्या वायरी पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे जोडा. सॉकेट रिकामं असेल तर त्यावरचं प्लास्टिकचं झाकण तसंच राहू द्या. काही सॉकेटमध्ये केसासारख्या बारीक पिना असतात. एक वाकली तरी बोर्ड खरोखरच निकामी होईल.

५. पेन ड्राइव्ह खूण केलेल्या खाचेतच लावा. शेजारची चालत नाही. मग फ्लॅशचं बटण दाबा. कॉम्प्युटर सुरू करायचं नेहमीचं बटण नव्हे!

६. आता हात मागे घ्या आणि वाट बघा. काही मिनिटं लागतात. दिवा लुकलुकत असताना पेन ड्राइव्ह उपटायचा नाही, वीज बंद करायची नाही. यूपीएस असेल तर उत्तमच.

मग वीज बंद करून प्रोसेसर, मेमरी बसवा आणि नेहमीचं बटण दाबा. पहिल्या वेळी पडदा उजळायला जरा जास्त वेळ लागू शकतो. घाबरू नका.

आई-बाबांसाठी दोन शब्द

अशी सोय प्रत्येक बोर्डावर नसते. स्वस्त बोर्डांवर पुष्कळदा नसते. म्हणून पैसे मोजण्याआधी दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. या बोर्डावर हा प्रोसेसर चालतो का? चालत असेल तर बायोसच्या कुठल्या आवृत्तीपासून? आणि या बोर्डावर आत्ता कुठली आवृत्ती आहे? कंपनीच्या संकेतस्थळावर प्रोसेसरची यादी असते, तिथं पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात. काही खोक्यांवर 'अमुक प्रोसेसरसाठी तयार' असा कागदही चिकटवलेला असतो. आवृत्ती जुनी असेल तर "बायोस नवं करूनच द्या" असं दुकानातच सांगा. सटाण्याहून नाशिकची एक खेप वाचेल.

हा प्रश्न जुना झालेला नाही. एएमडीचं पुढचं सॉकेट 'एएम५' २०२२ मध्ये आलं. त्यात बसणारे रायझन ९००० मालिकेचे प्रोसेसर २०२४ मध्ये आले, आणि सुरुवातीच्या एएम५ बोर्डांना पुन्हा नवं पान लागलं. त्याच वर्षी इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे खराब होत असल्याचं उघड झालं. त्यावरचा उपाय ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या बायोसमधूनच देण्यात आला. ज्यांनी वेळेवर बायोस बदललं त्यांचे प्रोसेसर त्या त्रासापासून बचावले. आधीच खराब झालेले मात्र त्यानं दुरुस्त झाले नाहीत. तरीही सगळं सुरळीत चाललं असेल आणि तसं काही कारण नसेल, तर उगाच दर महिन्याला दप्तर बदलत बसू नये.

आणि बोर्ड गप्प बसला म्हणून लगेच त्याला 'डेड' ठरवून भंगारात टाकू नका. आधी त्याच्या दप्तरात नव्या साहेबांचं पान आहे का, ते बघा.

डोकं चालवा!

१. प्रोसेसर नसताना बायोस बदलता येतं, मग विंडोज का बसवता येत नाही?

२. रखवालदार-कंट्रोलरच्या सूचना बायोसच्याच चिपमध्ये ठेवल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

३. तुमच्या घरात फर्मवेअर असलेल्या किती वस्तू आहेत? यादी करा. दहाच्या पुढं गेलात तर शाबास!

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं या लेखातच लपलेली आहेत. सापडली नाहीत तर आणखी एकदा कचेरीत फेरफटका मारून या.